कोळशाच्या खाणीतील वायूचा आगाऊ हिशेब

इ. स. १८१२ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या ईशान्य भागातील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसे व मुले दगावली. ह्या व अशाच इतर अपघातांनी तेथील लोकमत हादरले. हंफ्री डेव्ही ह्या रसायनशास्त्रज्ञाला ह्या प्रश्नात लक्ष घालण्याची विनंती करण्यात आली. १८१५ साली त्याने बारीक तारेच्या जाळीने वेढलेला दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता पसरवून टाकते. त्यामुळे आतील ज्योत जाळीबाहेरच्या वायूला पेटवू शकत नाही. ह्या दिव्याचा आणखी एक उपयोग लवकरच ध्यानात आला. हवेत ज्वालाग्राही वायू असला तर ज्योतीच्या माथ्यावर निळसर फिकट टोपी दिसू लागते, आणि वायूचे प्रमाण जसे वाढते तशी ती टोपी उंच होते. खाणीतील सरदार आणि ओव्हरमन ह्यांच्या अनेक पिढ्यांनी ह्या टोपीवरून वायू मोजला.

परंतु दिवा काय सांगतो? ह्या क्षणी, ह्या जागी किती वायू आहे, एवढेच. आज त्याच्या जागी विजेवर चालणारे मिथेनोमीटर आले आहेत आणि ते दिव्यापेक्षा पुष्कळच अचूक असतात. तथापि तेही एवढेच सांगतात. खाणीची योजना आखणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. जो भाग अजून उघडलेलाच नाही, तेथे दोन वर्षांनी कोळसा काढू लागल्यावर दर मिनिटाला किती वायू सुटेल? हवा नेणारे मार्ग किती रुंद खणावेत, पंखा किती शक्तीचा बसवावा, हे त्या उत्तरावर ठरते. काम सुरू झाल्यावर मार्ग अरुंद आहेत असे कळले, तर ते रुंद करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून वायूचा हिशेब आगाऊ करावा लागतो. हा हिशेब कसा करतात आणि त्यावर कितपत विसंबावे, हे आपण ह्या पुस्तिकेत पाहू.

आपल्या देशातही ह्या प्रश्नाची किंमत मोजली गेली आहे. पश्चिम बंगालमधील राणीगंज क्षेत्रातील चिनाकुरी ही देशातील अतिशय खोल खाणींपैकी एक. १९ फेब्रुवारी १९५८ रोजी तेथे स्फोट होऊन सुमारे १७५ कामगार मृत्युमुखी पडले. ६ सप्टेंबर २००६ रोजी झारखंडातील झरिया क्षेत्राच्या भाटडीह खाणीत झालेल्या स्फोटात ५० जण गेले. ह्या दोन घटनांमध्ये जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

वायू कोळशात कसा राहतो

खाणीतील ज्वालाग्राही वायू बहुतांशी मिथेन असतो. वनस्पतींच्या अवशेषांचा कोळसा होत असतानाच तो निर्माण झालेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेच्या निम्म्याहून थोडासाच अधिक जड असल्यामुळे छताशी गोळा होतो. एक घनफळ मिथेन पूर्णपणे जळण्यास दोन घनफळे ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे दोन घनफळांसाठी साधारण साडेनऊ घनफळे हवा हवी. एक आणि साडेनऊ मिळून साडेदहा. त्यात एक भाग मिथेन म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के. ह्या प्रमाणाच्या आसपास स्फोट सर्वांत तीव्र होतो. मिथेन ५ टक्क्यांहून कमी किंवा १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर सामान्य स्थितीत मिश्रण स्फोट पावत नाही. मात्र १५ टक्क्यांच्या वर गेलेला वायू निर्धोक समजणे ही घातक चूक होय. तो विरळ होऊ लागला की त्याला ५ ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यातूनच खाली यावे लागते.

एक टन कोळशात कित्येक घन मीटर वायू मावतो हे ऐकून नवल वाटते. कारण एक टन कोळशाचे स्वतःचे आकारमानच एका घन मीटरहून कमी असते. ह्याचे कारण असे की कोळसा अत्यंत सूक्ष्म छिद्रांनी भरलेला आहे, आणि ह्या छिद्रांच्या भिंतींवर वायूचे रेणू दाटीने चिकटून बसलेले असतात. ह्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर ह्याने १९१८ मध्ये तिच्यासाठी एक साधे सूत्र दिले. दाब 'द' असताना एका टनात राहणारा वायू 'व' मानला, तर

व = क × द ÷ (द + ख)

येथे 'क' म्हणजे त्या कोळशाची कमाल धारणशक्ती, आणि 'ख' म्हणजे ज्या दाबाला ही शक्ती निम्मी वापरली जाते तो दाब. समजा, एखाद्या कोळशासाठी क = २० घन मीटर आणि ख = २० वातावरण-दाब आहे. पाण्याचा दाब दर १०० मीटर खोलीला सुमारे १० वातावरणांनी वाढतो. वायूचा दाबही त्याच मर्यादेपर्यंत पोचला असे धरू. मग २०० मीटर खोलीवर दाब २० आणि वायू १० घन मीटर. ६०० मीटर खोलीवर दाब ६० आणि वायू १५ घन मीटर. खोली तिप्पट झाली, पण वायू दीडपटच झाला.

आता हाच आलेख उलट दिशेने वाचावा, कारण खाण खणणे म्हणजे दाब उतरविणे. दाब ६० वरून २० वर आला, तर ५ घन मीटर वायू सुटतो. तो २० वरून ५ वर आला, तर उरलेल्या १० पैकी ६ घन मीटर सुटतो. दाब केवळ एक वातावरण उरला तरीही सुमारे एक घन मीटर वायू कोळशात राहतोच, आणि तो कोळशाबरोबर खाणीबाहेर जातो. सारांश, सर्वाधिक वायू दाब कमी झाल्यावर, शेवटी शेवटी सुटतो. प्रत्यक्षात पुष्कळ थर पूर्णपणे भरलेले नसतात. त्यांच्यातील वायू सूत्राच्या आकड्याहून कमी असतो. म्हणून सूत्र वरची मर्यादा दाखविते आणि खरा आकडा मोजूनच काढावा लागतो.

नमुन्यातून निसटलेला वायू

मोजण्यासाठी जमिनीवरून छिद्र पाडून कोळशाचा दंडगोल नमुना वर काढतात आणि तो हवाबंद डब्यात घालून त्यातून सुटणारा वायू मोजतात. अडचण अशी की नमुना वर येईपर्यंत आणि डब्यात बंद होईपर्यंत त्यातील काही वायू निघून गेलेला असतो. जो गेला तो कसा मोजावा?

येथे गणित कामी येते. कोळशाच्या कणांतून वायू विसरणाने बाहेर येतो, आणि विसरणाचा आरंभीचा नियम असा आहे की सुटलेला एकूण वायू कालाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. चौपट वेळात दुप्पट वायू, नऊपट वेळात तिप्पट. फ्रेंच संशोधकांनी १९७० मध्ये ह्या नियमावर आधारलेली मापनपद्धती प्रसिद्ध केली, आणि पुढे ती निरनिराळ्या रूपांत सर्वत्र रूढ झाली.

एक उदाहरण घेऊ. नमुन्यातून वायू सुटू लागल्यापासून १६ मिनिटांनी तो डब्यात बंद झाला. त्यानंतर ३६ व्या मिनिटापर्यंत डब्यात १२० घन सेंटिमीटर वायू जमला आणि ६४ व्या मिनिटापर्यंत आणखी १२०. आता वेळांची वर्गमुळे पाहा: १६ चे ४, ३६ चे ६, ६४ चे ८. वर्गमूळ प्रत्येक वेळी दोनने वाढले आणि वायू प्रत्येक वेळी १२० ने. म्हणजे नियम येथे पाळला जात आहे आणि वर्गमुळाच्या एका एककास ६० घन सेंटिमीटर पडतात. तर शून्यापासून १६ व्या मिनिटापर्यंत, म्हणजे वर्गमूळ शून्यापासून ४ होईपर्यंत, २४० घन सेंटिमीटर वायू निसटला असला पाहिजे. पहिल्या मापनात जेवढा दिसला त्याच्या दुप्पट वायू कोणी पाहिलेलाच नव्हता! डबा बंद करण्यास झालेला उशीर ज्या कर्मचाऱ्याने वहीत नीट टिपला नाही, त्याने पुढची सगळी गणिते निरर्थक केली असे समजावे.

वर्गमुळाचा नियम सुरुवातीपुरताच खरा आहे. पुढे वेग मंदावतो. १९६८ मध्ये ब्रिटनमधील एअरी ह्या संशोधकाने फुटलेल्या कोळशासाठी असे सूत्र मांडले की सुटलेला वायू घातांकी वक्राने आपल्या अंतिम मर्यादेकडे जातो, आणि त्या वक्राचा कालांक कोळशाच्या तुकड्यांच्या आकारावर अवलंबून असतो. बारीक चुरा झालेला कोळसा आपला वायू तासांत टाकतो. मोठे ढेकळ दिवसच्या दिवस घेते. यांत्रिक कापणीने कोळसा अधिक बारीक फुटतो. म्हणून यंत्र आल्यावर त्याच खाणीत, त्याच थरात, कापणीच्या जागी वायू अधिक दिसू लागला तर त्यात आश्चर्य नाही.

शेजारच्या थरांचा वाटा

येथवर वाचकाची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की जो कोळसा काढतो त्यातला वायू मोजला की काम झाले. परंतु कोळसा काढून घेतल्यावर वरचे खडक खचतात आणि तळ थोडा उचलला जातो. वरच्या व खालच्या खडकांत भेगा पडतात. त्या भेगांच्या टप्प्यात कोळशाचे दुसरे थर असले, तर त्यांच्यावरील दाब उतरतो आणि त्यांचा वायू वाट काढून खाणीत येतो. ज्या थराला कोणी हात लावलेला नाही, तोही अशा रीतीने हिशेबात येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, पोलंड व सोव्हिएत रशिया येथे ह्यासाठी निरनिराळ्या पद्धती तयार झाल्या. त्यांचा गाभा एकच: शेजारचा थर जितका जवळ, तितका त्यातील वायूचा अधिक भाग सुटतो; वरच्या बाजूस हा प्रभाव शंभर-दीडशे मीटरपर्यंत पोचतो, खालच्या बाजूस त्याहून पुष्कळच कमी अंतरापर्यंत.

सोयीसाठी एक कल्पित विभाग घेऊ. काढावयाचा थर ३ मीटर जाडीचा आहे. टनामागे ९ घन मीटर वायू, त्यातील २ कोळशाबरोबर बाहेर जातो, म्हणून खाणीत सुटणारा ७. पंचवीस मीटर वर २ मीटर जाडीचा एक थर आहे. त्यात टनामागे ९ घन मीटर वायू असून त्याचा ८० टक्के सुटेल असा अंदाज आहे. काढलेल्या एका टनामागे ह्या थराचा वाटा जाडीच्या प्रमाणात, म्हणजे दोन-तृतीयांश टन; म्हणून वायू ४.८ घन मीटर. वीस मीटर खाली आणखी एक थर, तोही २ मीटर जाडीचा, टनामागे ९.६ घन मीटर, सुटणारा भाग ५० टक्के. त्याचा वाटा ३.२ घन मीटर. एकूण बेरीज १५ घन मीटर. काढल्या जाणाऱ्या कोळशातून त्यातील निम्म्याहूनही कमी येतो, ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

आपल्याकडील नियमांप्रमाणे थरांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. टनामागे एक घन मीटरपर्यंत वायू, आणि हवेत त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक नाही, तर पहिली. एक ते दहा घन मीटर ही दुसरी. आणि दहाच्या वर तिसरी. चंद्रपूर-बल्लारपूरकडील वर्धा खोऱ्याचा कोळसा कमी परिपक्व आहे आणि तेथे वायू सामान्यतः थोडा असतो. तिसऱ्या श्रेणीचे थर मुख्यतः झरिया-राणीगंजच्या खोल भागांत सापडतात. आपला कल्पित विभाग तिसऱ्या श्रेणीतला होय.

हवा किती लागेल

समजा, ह्या विभागात रोज १,५०० टन कोळसा निघणार आहे. दिवसाचा वायू २२,५०० घन मीटर. दिवसाची मिनिटे १,४४०. म्हणून मिनिटाला सुमारे १५.६ घन मीटर. नियमाप्रमाणे विभागात रोजच्या प्रत्येक टनामागे मिनिटाला निदान २.५ घन मीटर हवा हवी (माणशी ६ घन मीटरचा हिशेब त्याहून मोठा आला तर तो धरावयाचा). म्हणजे ३,७५० घन मीटर हवा. तिच्यात वायूचे प्रमाण ०.४२ टक्के पडते. परतीच्या हवेसाठी नियमाची मर्यादा ०.७५ टक्के आहे. तेव्हा सर्व काही ठीक आहे असे वाटते.

परंतु वायू घड्याळाच्या ठोक्यावर सारखा सुटत नाही. कापणी चालू असते त्या पाळीत अधिक, यंत्र दुरुस्तीला थांबते तेव्हा कमी. छताचा मोठा भाग खचला की एकदम भर. शिखरावरचा वेग सरासरीच्या १.८ पट मानला तर प्रमाण बरोबर ०.७५ टक्के येते. जी शिल्लक आपण सुरक्षिततेची म्हणून मोजत होतो, ती रोजच्या चढउतारातच खर्च झाली.

आता ह्याच हिशेबात शंका घालून पाहू. वरच्या थराचा सुटणारा भाग ८० टक्के धरला होता. तो ६० ते १०० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकेल. खालच्या थराचा ५० ऐवजी ३० ते ७० टक्के. दोन्ही कमी निघाल्यास बेरीज सुमारे १२.५, दोन्ही अधिक निघाल्यास सुमारे १७.५. खरे उत्तर, म्हणून, '१५' असे नाही, '१२.५ ते १७.५' असे आहे. माझ्या मते नुसता १५ हा आकडा अहवालात लिहिणे हे अर्धे उत्तर लिहिण्यासारखे आहे. १७.५ निघाला तर शिखराचे प्रमाण ०.८७५ टक्के होते, म्हणजे मर्यादेबाहेर. मग तीन मार्ग उरतात. हवा ४,३७५ घन मीटरपर्यंत वाढवावी. किंवा शेजारच्या थरांत आधीच छिद्रे पाडून तेथील वायू नळांनी बाहेर काढावा. किंवा उत्पादन उतरवावे.

तिसरा मार्ग स्वस्त दिसतो आणि म्हणून तो नेहमी सुचविला जातो. वायू उत्पादनाच्या प्रमाणात सुटतो असे धरले, तर १,५०० ऐवजी १,२८६ टन काढल्यास पुन्हा ०.७५ टक्के मिळते. ह्या गृहीतात एक खोट आहे.

रविवारचे माप

ज्या दिवशी काम बंद असते त्या दिवशी परतीच्या हवेत वायू शून्य असावयास हवा. तसा तो कधीच नसतो. पूर्वी फोडलेला कोळसा, खांबांच्या उघड्या बाजू आणि कोळसा काढून सोडून दिलेला पोकळ भाग (खाणीत त्याला गोफ म्हणतात), हे सारे आपला वायू सोडतच असतात. पुष्कळ दिवसांचे उत्पादन आडव्या अक्षावर आणि त्या त्या दिवसाचा वायू उभ्या अक्षावर मांडला, तर बिंदू एका रेषेच्या आसपास पसरतात, आणि ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. समजा, आपल्या विभागात सुटीच्या दिवशी ९,००० घन मीटर वायू निघतो. मग १,५०० टनांच्या दिवशीचे उरलेले १३,५०० घन मीटर उत्पादनाचे, टनामागे ९. अर्थात

दिवसाचा वायू = ९,००० + ९ × टन

१,५०० टन काढले तर टनामागे १५ घन मीटर. पण ५०० टनच काढले तर एकूण १३,५००, म्हणजे टनामागे २७! कोळशात काहीही बदल झालेला नाही. टनामागे वायू हे माप मंद चालणाऱ्या विभागाला वाईट दाखविते आणि वेगाने चालणाऱ्याला चांगले. श्रेणी ठरविण्यापुरते ते उपयोगी आहे. हवेचा हिशेब करताना त्याच्यावर विसंबू नये.

आता उत्पादन उतरविण्याचा हिशेब पुन्हा करू. वायू १७.५ च्या हिशेबाने सुटत असेल आणि त्याची विभागणी ह्याच प्रमाणात असेल, तर समीकरण १०,५०० + १०.५ × टन असे होईल. मर्यादेत राहण्यासाठी दिवसाचा वायू २२,५०० हवा. तेव्हा टन १,१४३, पहिल्या उत्तरापेक्षा १४३ टनांनी कमी. ज्या व्यवस्थापकाने साध्या प्रमाणाने १,२८६ टन ठरविले, त्याचा विभाग कागदावर सुरक्षित आणि जमिनीखाली मर्यादेबाहेर राहील.

वायुभारमापकाकडे पाहणे

गोफचा उल्लेख वर आला. तो एक मोठा, वेड्यावाकड्या पोकळ्यांचा कोठार असतो. बाहेरील हवेचा दाब उतरला की त्यातील हवा-वायूचे मिश्रण प्रसरण पावते आणि फटींतून खाणीच्या मार्गांत येते. शाळेत शिकविला जाणारा बॉइलचा नियमच येथे पुरतो. गोफमधील पोकळी दोन लक्ष घन मीटर असेल आणि दाब एक टक्क्याने पडला, तर सुमारे २,००० घन मीटर मिश्रण बाहेर येईल. त्यात ३० टक्के मिथेन असेल तर ६०० घन मीटर मिथेन. ही घट सहा तासांत झाली तर मिनिटाला १.७ घन मीटर. दोनच तासांत झाली तर ५. म्हणून दाब किती पडला ह्यापेक्षा किती वेगाने पडला, हे अधिक महत्त्वाचे. कापणीच्या शिखराशी हा ५ चा वाढावा जुळून आला, तर आपल्या विभागातील प्रमाण ०.८८ टक्के होईल.

उष्ण कटिबंधात वायुभाराची रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. दुपारची ही उतरण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते आणि दररोज येत असल्यामुळे हिशेबात मिसळून जाते. बंगालच्या उपसागरातून येणारी कमी दाबाची क्षेत्रे झारखंड-बंगालच्या कोळसापट्ट्यावरून जातात, तेव्हाची गोष्ट निराळी. हवामानखात्याचा इशारा नाविकांप्रमाणेच खाणीच्या व्यवस्थापकानेही वाचावा, हे म्हणणे कोणास विनोद वाटेल. पण तो विनोद नव्हे.

मोजणीने दुरुस्ती

संख्याशास्त्राची मदत घेऊन आणखी एक प्रश्न विचारता येतो: मर्यादा किती वेळा ओलांडली जाईल? सरासरी ०.४२ टक्के आणि प्रमाण विचलन ०.१५ टक्के असेल, तर ०.७५ ची रेषा सरासरीपासून २.२ विचलने दूर आहे. घंटाकृती वक्राप्रमाणे सुमारे १.४ टक्के वेळ त्या रेषेच्या वर जातो. दिवसातली सुमारे वीस मिनिटे. प्रत्यक्षात वायूची वाटणी घंटेसारखी समतोल नसते; तिचे शेपूट अधिक प्रमाणाच्या बाजूस लांब असते, कारण वायू शून्याखाली जाऊ शकत नाही, वर मात्र कितीही जाऊ शकतो. म्हणून घंटाकृती वक्र येथे धोका कमी दाखवितो.

अलीकडे मिथेनोमीटर क्षणाक्षणाची नोंद गणकयंत्राकडे पाठवितात, आणि मागील नोंदींवरून पुढच्या काही तासांचा अंदाज बांधणाऱ्या रीती प्रचारात आल्या आहेत. त्या चालू विभागात उपयोगी पडतात. परंतु जी यंत्रे केवळ गतकालावरून शिकतात, त्यांना पुढे येणारा खडकातला दोष किंवा वरचा नवा थर माहीत नसतो. तो भूविज्ञानाच्या नकाशावरूनच कळतो. युरोपातल्या गुणकांबाबतही हेच. ते तेथील खडकांवर आणि लांब सलग भिंत कापण्याच्या पद्धतीवर बेतलेले आहेत. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी खांब राखून कोळसा काढतात, थर जाड असतात, आणि वरचा थर कित्येकदा आधीच काढून झाल्यामुळे त्यातील वायू निघून गेलेला असतो. असे गुणक उचलून लावले, तर उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत नेटके येते आणि चुकीचे असते. धनबादसारख्या केंद्रांतून आपल्या थरांवरच मोजणी करणे म्हणूनच अगत्याचे.

पंखा थांबला तर

शेवटी सर्वांत सोपा आणि सर्वांत निकडीचा हिशेब. आपल्या विभागातील मोकळ्या मार्गांचे एकूण आकारमान २०,००० घन मीटर आहे आणि पंखा बंद पडून हवेचा प्रवाह थांबला असे धरू. वायू मात्र मिनिटाला १५.६ घन मीटर सुटतच राहील. दर मिनिटाला प्रमाण ०.०७८ टक्क्याने वाढेल. नियमाप्रमाणे खाणीत कोठेही १.२५ टक्क्याच्या वर वायू असू नये. ०.४२ पासून तेथे पोचण्यास सुमारे अकरा मिनिटे लागतील. ५ टक्के, म्हणजे स्फोटाची खालची मर्यादा, गाठण्यास एक तासाच्या आत-बाहेर.

अकरा मिनिटांत वीज तोडणे आणि माणसे बाहेर निघण्यास लागणे हे व्हावयास हवे. हा हिशेबही मऊ आहे, कारण त्यात वायू सगळीकडे सारखा मिसळतो असे मानले आहे. प्रत्यक्षात तो हलका. वाहती हवा नसताना तो छताखाली पातळ थर धरून पसरतो आणि कापणीच्या जागी सर्वांत आधी दाटतो. डोक्याच्या उंचीवर धरलेला मिथेनोमीटर १ टक्का दाखवीत असता छताच्या खोबणीत ५ टक्के असू शकतात. तेथील माप घेण्यासाठी नळी लांब काठीला बांधून वर धरावी लागते, आणि ते माप सरासरीत न मिळविता वहीत वेगळ्या ओळीत लिहावे लागते.